मथळा तेवढा राहिला

पुणे
१८ जून २००६

दीक्षे, जयभीम.

तुझं पत्र सुरतेच्या पत्त्यावर गेलं, तिथून एकानं इकडं धाडलं, म्हणून उत्तराला उशीर. सुरत मी सोडली. नाकातोंडात नुसतं सूत जायचं. मधी भिवंडी केली, ती बी सोडली. माय म्हणत असंल, ह्या पोराच्या बुडाला काटे हायेत. हायेत तर हायेत.

आता पुण्यात हाय. वसमतकडच्या तांड्यावरचा प्रेमसिंग इथं कॉम्प्युटरवर काम करतो, त्यानं चिकटवलं. ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत साहेब आन् चार पोरं, दुसरीत नुसते कॉम्प्युटर. ते कधीच बंद व्हत न्हाईत. मी झाडतो, चहा आणतो, आन् त्या खोलीतला एसी चालू हाय का बघतो.

धंदा काय हाय ऐक, हसशील. बातम्या गोळा करायच्या, पण बातमी आणायला कुणीच जात न्हाई. ज्या पेपरची वेबसाईट असती तो पेपर आपल्या ताज्या बातम्यांची एक माळ दाराबाहेर टांगून ठेवतो. तिला फीड म्हणतेत. आमचं यंत्र सारखं दारोदार हिंडतं, नवं जे टांगलं असंल ते उचलतं आन् आमच्या वेबसाईटवर आपोआप यादीत मांडतं. मथळ्यावर दाबलं की आख्खी बातमी. जुनी झाली तरी फेकत न्हाई, साठवणीत टाकतं. मायच्या उतरंडीसारखं बघ, वरच्या मडक्यात आजचं, खालच्यात मागल्या सालचं. प्रेमसिंग म्हणतो, पेपरवाल्यानं सोताची बातमी पुसली तरी आपल्या उतरंडीत ऱ्हाते.

यादी हलायची थांबली की प्रेमसिंगला हाक मारायची, एवढं माझ्याकडं दिलंय. सातवी नापास माणूस आख्ख्या महाराष्ट्राच्या बातम्यांवर राखण बसलाय, बाबाला सांग.

फोनच्या भानगडीत पडू नको. साहेब ऑफिसच्या फोनवर घरचं बोलू देत न्हाई. आन् गावातला फोन एकट्या जळबाकाकाच्या दुकानात. तू बोलतीस आन् तो शेंगदाणे निवडत ऐकतो. पत्रच बरं.

तुझा दादा
रत्नपाल

---

गावाकडून
९ जुलै २००६

दादास सप्रेम जयभीम.

तुझं यंत्र मायला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दिवसभर दारोदार हिंडतं आन् हाती काय लागत न्हाई? मंग आपल्या रतन्यासारखंच हाय की." बाबा चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

शाळा सुरू झाली. माय रोज जाऊन खिचडीची चूल पेटवते. यंदा मात्र एक घोळ झालाय. जळबाकाकांच्या घरच्या काकूंनी बायकांचा बचत गट काढलाय आणि पोषण आहाराचं काम गटाला द्या म्हणून मागणी केली आहे. हेडमास्तर म्हणाले, भागूबाईच्या हातची खिचडी खाऊन आजवर एक लेकरू आजारी पडलं नाही. तर काकू म्हणाल्या, "आजारी पडलं न्हाई. पण काही लेकरं घरून डबा आणतेत, ते काहून आणतेत, ते बी इचारा की मास्तर." माय तिथंच पातेलं घासत होती. तिनं मान वर केली नाही.

आणखी एक. मागच्या आठवड्यात सातवीची एक पोरगी प्रार्थनेच्या रांगेत कोसळली. शुद्धीवर आली ती भुंकायला लागली, कुत्र्यासारखी. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी. माय म्हणते, पोरी पहाटेपासून निंदायला जातात, उपाशी पोटी येऊन उन्हात उभ्या राहतात, दुसरं काय होणार. गावात वेगळं बोलून राहिलेत. तो शब्द मी लिहीत नाही.

आपल्याकडची बातमी येते का रे तुझ्या यादीत? सिद्धेश्वरचं पाणी सोडलं तरी इथं धरणाशेजारी राहून आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतं.

तुझी
दीक्षा

---

पुणे
३० जुलै २००६

दीक्षे, जयभीम.

आपल्याकडची बातमी आता येती. मीच आणली. तिकडच्या 'दैनिक पूर्णाकाठ'नं वेबसाईट काढली हे प्रेमसिंगला कळलं. त्यानं त्या माळेचा पत्ता कागदावर लिहून दिला, मी एकेक अक्षर हुडकून टाकला आन् ठोकलं बटण. चहा गाळायच्या आत यादी आली. हट्ट्याला बाजारात भांडण, गोरेगावच्या रस्त्यावर जीप उलटली, सिद्धेश्वरला मासे मेले. मी खुर्चीवर बसून गावच्या वाऱ्यात गेलो. आता धरणाचं पाणी सुटलं तर तुझ्याआधी मला कळणार. तू माझ्या पत्राची वाट बघत बस.

पोरी भुंकतेत वाचून लई हसलो. ऑफिसात बी सांगितलं. मास्तरला म्हणावं, शाळेच्या राखणीचा शिपाई काढून टाका, पैसे वाचतेन.

मायला माझा निरोप दे. खिचडीचं काम सोडू नको म्हणावं. जळबाच्या बायकोला भिऊन सोडशील तर रतन्या तुझा न्हाई. ज्याला घरून डबा आणायचा त्यानं आणावा. काय करतेत बघू की.

आन् कायतरी नाव काढा तुमी. आपल्या घरातलं एक तरी नाव यादीत येऊ दे, मी ऑफिसात सगळ्याला दाखवीन.

रत्नपाल

---

गावाकडून
२७ ऑगस्ट २००६

दादास जयभीम.

काळजी करू नको. माय शाळेच्या पायरीवरून पाय घसरून पडली. तोंडाला मार लागला, समोरचे दात गेले. उजव्या हाताला प्लास्टर आहे. दवाखान्यातून परवा घरी आणलं.

बाबा म्हणतात येऊ नको. आत्ता कुठं एका जागी टिकलास. खिचडीचं काम सध्या गटाकडं दिलं आहे. पोरी बऱ्या आहेत.

पत्र छोटं आहे, समजून घे.

दीक्षा

---

पुणे
२ सप्टेंबर २००६

दीक्षे,

पायरीवरून पडली व्हय?

मला तुझ्या पत्राच्या कितीतरी आधी माहीत व्हतं. तू काय लिहितीस ते बघायला थांबलो व्हतो.

चहाचे कप उचलत व्हतो. यादी हलली. 'भानामतीच्या संशयावरून महिलेचे दात पाडले.' मला वाटलं कुठली का असंना. मागं पूर्णाकाठचं नाव. दाबलं. पहिल्याच ओळीत शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या भागूबाई अमृतराव, आन् पुढं आपल्या गावाचं नाव. मी बंद केलं. हातातले कप खाली गेले.

पाठीमागून एक पोरगा म्हणला, "तुझ्याच तिकडचं दिसतंय रे. ते भुंकणाऱ्या पोरींचं गाव का?" मीच सांगितलं व्हतं ना हसत हसत. मी म्हणलं, न्हाई, ते धरणाच्या पलीकडं, तिकडची लोकं तशीच हायेत. दीक्षे, मी माझ्या मायला पलीकडची लोकं म्हणलो.

स्टेशनपोतर गेलो व्हतो. परतलो. काय तोंड घेऊन येऊ? काम सोडू नको हे मीच लिहिलं व्हतं. आन् आलो असतो तर जळबाचं दुकान पेटवलं असतं, मग मायला दवाखान्यात कुणी बघितलं असतं?

इथून एक करता येतं, ते करणार हाय. ते यादीतून काढायचं. जगात कुठं बी बसून कुणी आपल्या गावाचं नाव टाकलं की मायचं नाव त्या घाणेरड्या शब्दाला चिकटून वर येतं. उद्या तू डीएड करशील, कुठल्या गावाला बाई म्हणून जाशील. तिथलं कुणीतरी बघंल आन् म्हणंल, ही तिची लेक. मी साहेबाच्या पाया पडीन न्हाईतर प्रेमसिंगच्या, पण ते ठेवणार न्हाई.

बाबाला सांग, मला आता काही लपवू नका.

रत्नपाल

---

गावाकडून
७ सप्टेंबर २००६

दादा,

काढू नको. हात जोडते. आधी हे वाच. हे पत्र मी वसमतला जाऊन स्पीड पोस्टानं टाकते आहे. तुझ्या ऑफिसचा नंबर माझ्याकडं असता तर तिथून फोनच केला असता.

सगळं लिहिते. पोरींना बघायला गावातल्यांनी बाहेरून एक जाणता, म्हणजे देवऋषी, आणला. त्यानं सुपात तांदूळ टाकले आणि म्हणाला, अन्नातून केलंय, जी रांधते तिनंच केलंय. दात पाडा, म्हणजे तिला मंत्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या आवारातच झालं. चूल पेटलेली होती. मी हट्ट्याला कॉलेजात होते, बाबा कालव्यावर कामाला. हेडमास्तर म्हणतात, मी वर्गात होतो, दार लावलेलं होतं. सगळ्याच वर्गांची दारं लावलेली होती म्हणे.

पोलिसांनी लिहिलं, बायकांच्या बोलाचालीत पायरीवरून पाय घसरून पडल्या. मी तुला लिहिलं ते त्यांचंच वाक्य आहे. बाबांकडून 'आमचं आपसात मिटलं' म्हणून सही घेतली. बाबांनी केली. त्यांना काही बोलू नको, ते तेव्हापासून जेवायला माझ्यासमोर बसत नाहीत.

दवाखान्यात त्या संध्याकाळी पूर्णाकाठचे बातमीदार नासेरभाई आले. मी औषधाला गेले होते, बाबा बाहेर बाकावर. मायनं त्यांना सगळं सांगितलं. हात कुणी धरले, दगड कुणी आणला, कोण उभं राहून मोजत होतं. शब्द फुटत नव्हते, तरी दोन दोनदा म्हणून सांगितलं, असं नासेरभाई म्हणतात. मी आले तेव्हा ती गप्प झाली होती. दादा, ती तेव्हापासून बोललेली नाही. माझ्याशी नाही, बाबांशी नाही. पाणी हवं असलं तर तांब्याकडं बघते.

कागदावरच्या पेपरात चारच ओळी आल्या. तिचं सगळं बोलणं, नावांसकट, फक्त वेबसाईटवर होतं. दोन दिवसांनी पेपरनं तेही काढून टाकलं. नासेरभाईंची नोकरी गेली, वही मालकानं ठेवून घेतली. मायनं सांगितलेल्या पाच नावांतली त्यांना आता दोनच पक्की आठवतात. बाकीची अंदाजानं सांगायला ते तयार नाहीत, आणि ते बरोबर आहे.

शरीफा मॅडम म्हणून वकील आहेत, नासेरभाईंच्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, त्या दिवसाचं, त्या तारखेसकट, दुसऱ्या कुणाच्या साठवणीत मिळालं तर पोलिसांना जबाब नव्यानं घ्यावा लागेल. तेव्हा नासेरभाई म्हणाले, "वो जमा करनेवाले कुछ नहीं छोडते. पुण्याला असं एक यंत्र आहे म्हणतात." मी म्हणाले, माझा भाऊ तिथंच आहे.

त्या दोघांच्या तोंडावर काय आनंद आला म्हणून सांगू. त्या बातमीचा छापील कागद काढून पाठव. माय जे बोलली ते आता तिथंच आहे.

दीक्षा

---

पुणे
८ सप्टेंबर २००६

दीक्षे, जयभीम.

काम फत्ते. मायला सांग, आता निवांत झोप म्हणावं.

साहेबाकडं गेलो व्हतो आधी. तो म्हणतो, "आपण लिहीत नाही, फक्त गोळा करतो. एकाचं काढलं की उद्या दारात रांग लागेल." मी बाहेर आलो आन् प्रेमसिंगचं मनगट धरलं. तो म्हणला, "अरे, कुणाची कोण बाई, तुला काय त्याचं?" म्हणलं, माझी माय हाय. मग त्यानं खुर्ची ओढली आन् पुसून टाकलं, मुळापासून.

तो म्हणला, दर हप्त्याला त्या हप्त्याच्या बातम्यांची सीडी काढतो आपण, तिच्यावर गेलं असंल. ती सीडी मी हुडकली. पायाखाली धरून मोडली, तुकडे नाल्यात टाकले. प्रेमसिंगनं पूर्णाकाठचं दार बी बघितलं. तिथून आधीच काढलेलं हाय. म्हंजे आता ते जगात कुठंच न्हाई. आधी नीट बघून घेतलं, मगच लिहितोय.

इतक्या दिवसांत काल पहिल्यांदा पोटभर जेवलो. दसऱ्याला येतो. मायच्या दातांचं इथं इचारलंय, बसवून मिळतेत.

रत्नपाल

---

पुणे
१२ सप्टेंबर २००६

दीक्षे,

तुझं स्पीड पोस्ट काल आलं. माझं आधीचं तुला आज मिळालं असंल. तू कुठं उभी राहून वाचलं असशील ते डोळ्यांसमोर येतं.

प्रेमसिंगनं कालपासून सगळे उपाय केले. न्हाई. सीडी असती तर मिळालं असतं म्हणला. नाल्यात उतरलो व्हतो. पाणी वाहतं हाय. तुकडे मिळाले असते तरी काय उपेग नव्हता, ते त्यानं नंतर सांगितलं.

एक ऱ्हायलंय. यंत्र महिन्या-महिन्याच्या यादीचं पान आधीच बांधून ठेवतं, त्याला आम्ही हात लावला नव्हता. त्या पानावर मथळा तसाच हाय. 'भानामतीच्या संशयावरून महिलेचे दात पाडले.' खाली पहिली ओळ हाय, मायचं नाव आन् गावाचं नाव. तारीख हाय. दाबलं की पांढरं पान येतं. जे लपवायला गेलो ते लख्ख ऱ्हायलं आन् जे पायजे व्हतं ते गेलं.

तू म्हणशील, दादा, निदान तू वाचलंस ते लिहून दे. मोडकंतोडकं का व्हईना.

मी वाचलं न्हाई गं. पहिली ओळ वाचली आन् बंद केलं. पुढं मायचं बोलणं हाय हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं, पुढं नुसती बेइज्जती असंल. पुसायच्या आधी बी प्रेमसिंग म्हणला व्हता, "एकदा बघून घे, हीच का?" मी तोंड फिरवून म्हणलं, हीच, काढ.

इतके दिवस ते माझ्यासमोरच्या डब्यात पडलेलं व्हतं. मी त्याच खोलीत झाडू मारत व्हतो. बोट दाबलं असतं तर माय बोलली असती.

शरीफा मॅडमला काय सांगशील? म्हणावं, पोरगं अडाणी हाय. खरं तेच हाय.

मी येऊ का नको, तू सांगशील तसं.

रत्नपाल

---

गावाकडून
२० सप्टेंबर २००६

दादास जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं मी दारातच वाचलं. माझा चेहरा बघून बाबांनी विचारलं, "रतन बरा हाय ना?" मी म्हणाले, बरा आहे, नोकरी टिकली आहे.

दुसरं घेऊन शरीफा मॅडमकडं गेले. त्यांनी वाचून घडी घातली आणि परत माझ्या हातात दिली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पहिली ओळ आणि तारीख राहिलीय ना? त्याचा छाप मागव. दोन नावांवर उभं राहू. जितकं चालेल तितकं चालवू." नासेरभाईंनी त्या दोन नावांच्या जबाबावर सही केली. त्यांच्या घरावर दगड पडला त्या रात्री. अब्बा त्यांचे म्हातारे आहेत, ते म्हणाले, "सही केलीस ना? मग आता दार लावून घे."

तुला शिव्या द्याव्यात म्हणून चार वेळा कागद घेतला. मला जमलं नाही. मीही तुला पायरीवरून पडली म्हणून लिहिलंच होतं. मी खरं लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं असतंस का, ते आता कोण सांगणार.

आता जे सांगायचं ते सांगते. सोमवारी आणखी एक पोरगी कोसळली. आज सकाळी दोघी. खिचडी आता काकूंचा गट शिजवतो, मायनं महिन्याभरात शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण हे कुणी बोलत नाही. बोलतात ते असं, की दात पाडून भागलं नाही. बाई तोंडानं गप्प आहे ती मनात म्हणते. मी पाण्याला गेले तर हापशावरच्या बायका बाजूला झाल्या. जळबाकाकांनी बाबांना दुकानासमोर थांबवलं आणि अगदी मायेनं म्हणाले, "अमृतराव, चार दिस तिला कुठं पाव्हण्याकडं धाडा. माझं आयका." जाणत्याला परत बोलावणं गेलंय. पुढच्या शनिवारी येणार आहे म्हणतात.

पोलिसांत जाऊन आलो. ते म्हणाले, कुणापासून धोका आहे, नावं सांगा. शरीफा मॅडमनी दोन सांगितली. म्हणाले, दोघांनी काय होतंय, तुमचं तर मिटलंय ना?

मायला पाव्हण्याकडं चल म्हटलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून. काल मी तिच्यापुढं बसले आणि म्हणाले, माय, बाकीच्या तिघांची नावं सांग, मी लिहून घेते, पुन्हा कुणी पुसणार नाही. तिनं पदर तोंडाला लावला. मग माझ्या मागं दाराकडं बघितलं, कुणी येतंय का म्हणून बघावं तसं. तिथं कुणी नव्हतं. मला वाटलं ती तुला बघत होती. खरं काय ते तिलाच ठाऊक.

तू ये. दसऱ्याची वाट बघू नको. पत्र मिळाल्या दिवशी निघ. जळबाच्या दुकानाकडं जायचं नाही, कालव्याच्या बाजूनं ये. त्या मथळ्याच्या पानाचा छाप विसरू नको.

आणि आल्यावर तिच्यासमोर बस. तिच्या तोंडाकडं बघवणार नाही तुला, तरी बस. ती बोललीच, तर मधेच उठून जाऊ नको.

दीक्षा